लक्ष्यवेधी पिस्तुलाची नळी निवडताना: लांबी, जाडी आणि वजनाची जागा

प्रश्न असा आहे. वर्षभर दुसऱ्याच्या .२२ पिस्तुलावर २५ मीटरचा सराव केलेल्या एका नेमबाजाला आता स्वतःचे पिस्तूल घ्यायचे आहे. एकाच मॉडेलमध्ये तीन नळ्या उपलब्ध आहेत: साडेपाच इंचांची जाड बुल बॅरल, सात इंचांच्या जवळ जाणारी आणि दोन्ही बाजूंनी सपाट केलेली लांब नळी, आणि पातळ पोलादी नळीवर अॅल्युमिनियमचे आवरण असलेली साडेपाच इंचांचीच हलकी नळी. यांतील सर्वांत अचूक कोणती आणि स्पर्धेसाठी कोणती घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे. मी स्वतः दीर्घकाळ हा खेळ खेळलो आहे आणि नव्या नेमबाजांना शिकवतोही, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे नेहमी येतो. तिन्ही नळ्या चांगल्या कारखान्यात बनलेल्या असतील, तर त्यांच्या अंगच्या अचूकतेत तुमच्या गुणांवर परिणाम होईल इतका फरक नसतो. फरक असतो तो पिस्तुलाचे वजन मनगटापासून किती पुढे जाते यात, आणि निवड त्यावरूनच करावी.

त्याआधी नियम पाहावेत, कारण तीनपैकी एक पर्याय तिथेच बाद होण्याची शक्यता आहे. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार २५ मीटरच्या पिस्तूल प्रकारांत नळीची लांबी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर आणि पुढच्या व मागच्या साइटमधील (नेम धरण्याच्या खुणांमधील) अंतर, म्हणजे साइट रेडियस, जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकतो. .२२ पिस्तुलाचे वजन सर्व जोडण्या आणि रिकामे मॅगझिन धरून १४०० ग्रॅमच्या आत असावे लागते आणि संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते. साडेपाच इंच म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर, सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, दोन्ही मर्यादेत बसतात. तुम्ही लिहिलेली लांब नळी मात्र १७५ मिलिमीटरच्या आसपास भरते, आणि ती कितीही देखणी व ‘टार्गेट’ नावाने विकली जाणारी असली तरी या प्रकारांत चालत नाही. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ४१ हे नावाजलेले लक्ष्यवेधी पिस्तूल साडेपाच आणि सात इंच अशा दोन लांबींत प्रसिद्ध आहे, आणि त्यातही सात इंचांची नळी या मर्यादेबाहेर जाते. अमेरिकेतील ५० आणि २५ यार्डांच्या बुल्सआय स्पर्धांत लांब नळी आणि काचेतून पाहायची ऑप्टिकल साइट दोन्ही चालतात, म्हणून तिथे बनलेल्या पिस्तुलांना अशा नळ्या सर्रास येतात. नळीच्या तोंडाशी छिद्रे असलेली रचना किंवा कॉम्पेन्सेटर (धक्का कमी करणारी जोडणी) २५ मीटरच्या आयएसएसएफ प्रकारांत चालत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत रॅपिड फायर या जलद गोळीबाराच्या प्रकारात .२२ शॉर्ट काडतुसाची आणि छिद्रे असलेल्या नळ्यांची पिस्तुले वापरात होती. त्यानंतर नियम बदलले आणि .२२ लाँग रायफल काडतूस आले. जुने पिस्तूल विकत घेणाऱ्याने ही गोष्ट आवर्जून तपासावी. तुम्हाला २५ मीटर पिस्तूल किंवा स्टँडर्ड पिस्तूल खेळायचे असेल तर निवड उरते ती जड आणि हलकी अशा दोन साडेपाच इंची नळ्यांमधली.

तरीही लांब नळीविषयी बोलायला हवे, कारण ‘लांब म्हणजे अचूक’ ही समजूत फार खोल रुजलेली आहे. लांबीचे फायदे दोन सांगितले जातात, वेग आणि साइट रेडियस. त्यांतला वेग इथे विचारात घेण्याचे कारणच नाही. २५ मीटरवर गोळीचा वेग दहावीस मीटर प्रति सेकंदाने कमीजास्त झाला तर साइटचे एखाददुसरे क्लिक फिरवावे लागते, एवढेच. साइट रेडियसचा मुद्दा खरा आहे, पण त्याचे माप आकड्यांत पाहावे. मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट ०.१ मिलिमीटरने सरकली, तर २२० मिलिमीटर रेडियसवर २५ मीटरवरचा फटका सुमारे ११.४ मिलिमीटर हलतो आणि १८५ मिलिमीटर रेडियसवर सुमारे १३.५ मिलिमीटर. म्हणजे फरक दोन मिलिमीटरांचा, आणि प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेमबाजीच्या, लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. हे दोन मिलिमीटर वरच्या पातळीवर नक्कीच मोलाचे आहेत, पण वर्षभर सराव केलेल्या नेमबाजाचे गुण तिथे अडलेले नसतात.

शिवाय रेडियस वाढला की साइटमधील प्रत्येक चूक मोठी दिसते. अनुभवी डोळ्याला याचा उपयोग होतो. नवा नेमबाज मात्र ती हालचाल पाहून अस्वस्थ होतो, साइट स्थिर झाल्यासारखी वाटलेल्या क्षणी ट्रिगर ओढून टाकतो, आणि चांगला होल्ड (पिस्तूल स्थिर धरणे) असूनही आठच्या वर्तुळात गोळी पाठवतो. ज्यांची जवळची दृष्टी वयामुळे कमी झाली आहे त्यांना मात्र पुढची साइट डोळ्यापासून थोडी दूर गेल्याने ती स्पष्ट दिसायला मदत होते. अशा नेमबाजांना मी मर्यादेपर्यंतचा रेडियस घ्यायला सांगतो.

रेडियस नेहमी नळीच्या लांबीशी बांधलेला असतो असेही नाही. वॉल्थर जीएसपीमध्ये मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असते, त्यामुळे चेंबरच, म्हणजे काडतूस बसते ती जागाच, मुळात बरेच पुढे सुरू होते आणि नळी अवघी १०७ मिलिमीटरची असते. तरीही मागची साइट हाताच्या वर मागे सरकलेली असल्याने साइटमधले अंतर पुरेसे लांब राहते. या पिस्तुलावर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कितीतरी पिढ्या वाढल्या, आणि नळी आखूड म्हणून त्याच्या अचूकतेबद्दल कोणी शंका घेतल्याचे मी पाहिलेले नाही. हॅमर्ली २०८ ची नळी त्याउलट १५० मिलिमीटरची आहे आणि मॅगझिन मुठीत आहे. दोन्ही पिस्तुलांनी मोठ्या स्पर्धा जिंकून दिल्या आहेत.

आखूड नळीच्या बाजूने एक युक्तिवाद होतो की गोळी लवकर बाहेर पडते, म्हणून हाताच्या हालचालीला कमी वेळ मिळतो. तोही मोजून पाहू. १०७ आणि १५० मिलिमीटर यांत ४३ मिलिमीटरचे अंतर आहे. गोळी त्या टप्प्यात साधारण २५० मीटर प्रति सेकंदाने जात असेल तर वाढीव वेळ ०.१७ मिलिसेकंद होतो. तुमचा हात एक दशांश सेकंदात एक मिलिरेडियन (अंशाचा सुमारे सतरावा भाग) वळत असेल, आणि ही गती काही कमी नाही, तरी त्या ०.१७ मिलिसेकंदात लक्ष्यावर पडणारा फरक मिलिमीटरच्या पाच शतांशांइतकाही नसतो. ट्रिगर सुटल्यापासून हॅमर पिनवर आदळेपर्यंतचा काळ याहून कितीतरी मोठा असतो. एअर पिस्तुलात गोळी १५० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास जाते आणि नळीही लांब असते, त्यामुळे तिथे या मुद्द्याला थोडे वजन येते. .२२ पिस्तुलाची निवड मात्र यावरून करू नये.

आता जाडीकडे येऊ. रायफलची नळी ६०० मिलिमीटरच्या आसपास लांब असते, गोळी सुटताना ती कंप पावते, तापल्यावर किंचित वाकू शकते, आणि म्हणून तिथे जाड नळीचा लाभ खरा असतो. पिस्तुलातील १४० मिलिमीटरची नळी इतकी आखूड आणि त्या मानाने इतकी ताठ असते की .२२ च्या दाबाने तिच्यात येणारा कंप दुर्लक्ष करण्याजोगा राहतो. अचूकता ठरते ती आतल्या छिद्राच्या एकसारखेपणावर, चेंबरच्या मापावर, नळीच्या तोंडाच्या कडेवर, आणि साइट नळीशी किती पक्क्या बांधलेल्या आहेत यावर. यांपैकी एकही गोष्ट बाहेरच्या जाडीवरून कळत नाही. नळीवरच्या उभ्या खोबणींबद्दल, म्हणजे फ्लुटिंगबद्दल, थंडाव्याचा दावा केला जातो, पण .२२ च्या साठ गोळ्यांच्या सामन्यात नळी तापून काही बिघडण्याइतकी उष्णता निर्माणच होत नाही. खोबणी, सपाट बाजू, तोंडाकडे निमुळता होणारा आकार ही सगळी वजन कमी करण्याची वेगवेगळी तंत्रे आहेत, आणि त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहावे.

हे वजन किती, ते पाहण्यासारखे आहे. २२ मिलिमीटर व्यासाची, १४० मिलिमीटर लांबीची भरीव पोलादी नळी सुमारे ३९० ग्रॅम भरते. तीच १५ मिलिमीटर व्यासाची केली तर सुमारे १६५ ग्रॅम. दहा मिलिमीटरची पोलादी नळी आत आणि २२ मिलिमीटरचे अॅल्युमिनियमचे आवरण बाहेर अशी रचना केली तर एकूण वजन सुमारे १७५ ग्रॅम होते. म्हणजे तुमच्या दुसऱ्या साडेपाच इंची पर्यायाची नळी दिसायला बुल बॅरलइतकीच जाड आहे, पण वजनाला बारीक नळीसारखी आहे. जड आणि हलक्या नळीत २१५ ते २२५ ग्रॅमचा फरक पडतो, आणि तो संपूर्ण फरक मुठीच्या पुढे आहे. हातात घेतल्यावर दोन वेगळी पिस्तुले वाटावीत एवढा हा बदल आहे.

पुढे गेलेले वजन दोन वेगळी कामे करते, आणि या दोन कामांची गल्लत केल्याने बहुतेक चर्चा भरकटतात. पहिले काम मनगटावर ओढ आणण्याचे, आणि ती वजन गुणिले अंतर या हिशेबाने वाढते. दुसरे काम पिस्तुलाच्या तोंडाच्या हालचालीला विरोध करण्याचे, म्हणजे जडत्वाचे, आणि ते वजन गुणिले अंतराच्या वर्गाने वाढते. समजा ६० ग्रॅमचे वजन मनगटापासून १०० मिलिमीटरवर होते आणि ते तुम्ही २५० मिलिमीटरवर नेले. मनगटावरची त्याची ओढ अडीचपट होईल, पण जडत्व सव्वासहापट होईल. तेवढेच जडत्व १०० मिलिमीटरवर मिळवायचे तर तिथे ३७५ ग्रॅम ठेवावे लागतील आणि त्यांची ओढ पुढच्या ६० ग्रॅमच्या अडीचपट असेल. याचा व्यवहारातला अर्थ असा की पिस्तुलाचे तोंड शांत करायचे असेल तर नळीच्या पूर्ण लांबीत पोलाद भरण्यापेक्षा हलक्या नळीच्या पुढच्या टोकाजवळ खालून छोटे वजन लावणे हा स्वस्त सौदा आहे. बुल बॅरलमध्ये निम्मे पोलाद चेंबरच्या बाजूला असते, जिथे ते तुमच्या खांद्याला थकवते पण तोंड स्थिर करायला फारसे उपयोगी पडत नाही.

तोंड स्थिर करण्यावर इतका भर का, याचे कारण हाताच्या चुकांच्या स्वरूपात आहे. पिस्तूल आणि साइट एकमेकांशी जुळलेल्या ठेवून संपूर्ण हात पाच मिलिमीटर बाजूला सरकला तर लक्ष्यावर गोळी पाचच मिलिमीटर सरकते. मनगट मात्र एक मिलिरेडियन वळले, म्हणजे २२० मिलिमीटरच्या रेडियसवर पुढची साइट मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाने हलली, तरी २५ मीटरवर गोळी २५ मिलिमीटर जाते आणि दहाच्या वर्तुळाच्या मध्यातून निघून त्याच्या कडेवर पोहोचते. खांद्यातून येणारी संथ डुलण्याची हालचाल बहुतांशी पहिल्या प्रकारची असते, तर मनगटातून आणि ट्रिगरच्या बोटातून येणारी सूक्ष्म थरथर दुसऱ्या प्रकारची. पुढचे वजन या दुसऱ्या हालचालीला आवरते, आणि दुसरीच महाग पडते.

मग सर्वांनीच जितके पेलेल तितके वजन पुढे का लावू नये? कारण ओढही सोबत वाढते. मनगट पूर्ण सामन्यात ती ओढ एकसारखी पेलू शकले नाही, तर थकलेले स्नायू स्वतःच थरथरू लागतात आणि मिळालेले जडत्व त्यांनीच खाऊन टाकले जाते. याचे लक्षण साधारणपणे असे दिसते की पहिल्या वीसतीस गोळ्या सुंदर पडतात आणि नंतरचे समूह खालच्या दिशेने उभे पसरू लागतात. तुम्ही कोणता प्रकार अधिक खेळणार आहात यावरही उत्तर बदलते. प्रिसिजन टप्प्यात पिस्तूल सावकाश उचलून क्षेत्रात स्थिरावता येते, तिथे पुढे जड असलेले पिस्तूल सुखावह वाटते. २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद दिसते आणि ७ सेकंद दडते, दरवेळी हात खालच्या तयारीच्या स्थितीतून उचलावा लागतो. तोंड जड असेल तर ते वर येताना वेग घेते आणि तो वेग थांबवण्यासाठी मनगटाला काम करावे लागते. गोळी वर गेली तर नेमबाज ट्रिगरला दोष देतो, पण अनेकदा दोष थांबवण्यात असतो. रॅपिड फायर पिस्तुलात पाच लक्ष्ये एकमेकांपासून ७५ सेंटिमीटरवर असतात आणि शेवटची मालिका ४ सेकंदांची असते. तिथे आडवे वळणे सोपे व्हावे म्हणून काहींना हलके तोंड हवे असते, तर रिकॉइलनंतर (गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यानंतर) साइट लवकर खाली यावी म्हणून काहींना जड. दोन्ही मते अनुभवी लोकांची आहेत आणि दोन्हींमागे कारण आहे. स्टँडर्ड पिस्तुलात १५०, २० आणि १० सेकंदांच्या मालिका एकाच पिस्तुलाने मारायच्या असल्याने मधला समतोल बहुतेकांना मानवतो.

माझा सल्ला स्पष्ट आहे. नियमांत बसणाऱ्या दोन नळ्यांपैकी तुम्ही अॅल्युमिनियम आवरणाची हलकी नळी घ्यावी, मात्र तिच्या खाली वजने लावण्यासाठी पट्टी किंवा छिद्रांची सोय असली पाहिजे. हलक्या पिस्तुलात वजन वाढवता येते, बुल बॅरलमधून ते काढता येत नाही. १४०० ग्रॅमच्या मर्यादेतही जागा राहते. जड नळीचे पिस्तूल आधीच १२५० ग्रॅमचे असेल तर पुढे हवी तशी वजने लावायला, किंवा लाकडी मुठीला पुटी लावून ती हाताच्या मापाची करायला, फक्त १५० ग्रॅम उरतात. वजनाची सोयच नसेल, तर ज्यांचे मनगट मजबूत आहे आणि ज्यांना मुख्यतः प्रिसिजन खेळायचे आहे त्यांनी बुल बॅरल घेण्यास माझी हरकत नाही. ऑप्टिकल साइट चालणाऱ्या स्पर्धा तुम्ही खेळत असाल तर रेडियसचा प्रश्नच उरत नाही आणि साइटचे स्वतःचे वजन वर चढते, म्हणून तिथे आखूड आणि हलकी नळी आणखीच योग्य ठरते.

वजन किती आणि कुठे, हे खरेदीआधी उसन्या पिस्तुलावर पाहता येते. शिशाचे छोटे तुकडे टेपने नळीखाली, तोंडाशी आणि ट्रिगर गार्डच्या पुढे, आळीपाळीने लावा आणि ड्राय फायर करा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने ट्रिगर ओढण्याचा सराव करा. डोळे मिटून पिस्तूल नेहमीच्या उंचीपर्यंत उचला, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. पुढची साइट खाचेत खाली बसलेली दिसली तर तोंड जड असू शकते, पण मुठीचा कोन चुकीचा असला तरी तसेच दिसते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी हीच चाचणी सरावाच्या सुरुवातीला आणि पुन्हा चाळीसेक गोळ्यांनंतर करा. पहिल्यापासूनच साइट खाली असेल तर मूठ तासावी किंवा तिचा कोन बदलावा, आणि थकल्यावरच खाली जाऊ लागत असेल तर वजन कमी करावे किंवा मागे घ्यावे. दुकानात ताज्या हाताने एकदोनदा उचलून केलेल्या निर्णयात नेमकी हीच माहिती नसते, आणि ताज्या हाताला पुढे जड असलेले पिस्तूल नेहमीच जास्त स्थिर वाटते. एअर पिस्तूलही खेळत असाल तर दोन्हींचा समतोल शक्य तितका जवळ आणा. मनगटाला दोन सवयी लावण्यात वेळ जातो.

मागची साइट नळीच्या जोडणीवर बसलेली आहे की फ्रेमवर, हेही विचारून घ्या. दोन्ही साइट नळीशीच एकत्र असतील तर नळी काढून पुन्हा बसवल्यावर झीरो (साइटची नेमाशी केलेली जुळणी) फारसा हलत नाही. एक नळीवर आणि एक फ्रेमवर असेल तर दरवेळी तपासावे लागते. पुढच्या साइटची पाती बदलता येत असेल तर उत्तम, कारण रेडियस बदलला की पातीची डोळ्याला दिसणारी रुंदी बदलते आणि खाचेत दोन्ही बाजूंना दिसणारा प्रकाश पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

नळी घेतल्यावर तिची परीक्षा टेकूवरून करा. वेगवेगळ्या तीनचार प्रकारच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळ्यांचे दहादहाचे समूह २५ मीटरवर घ्या, आणि प्रत्येक प्रकाराच्या पहिल्या काही गोळ्या मोजू नका, कारण आधीच्या गोळीचे वंगण नळीत असते. चांगली नळी तिला आवडणाऱ्या गोळीने दहा फटके अंतर्गत दहाच्या २५ मिलिमीटरच्या वर्तुळात ठेवते. गोळी बदलताना दिसणारा फरक बुल आणि हलकी नळी यांतल्या फरकापेक्षा मोठा असल्याचे तुम्हाला तिथेच दिसेल. कोणत्याच गोळीने समूह आवळला नाही तर नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहा. तिथला एक ओरखडा बाकी सर्व बाबी चांगल्या असूनही गोळी तिरकी पाठवतो. साफ करताना रचना परवानगी देत असेल तर सळई नेहमी चेंबरकडून घाला, आणि तोंडाकडूनच घालावी लागत असेल तर कडेला धातू घासणार नाही अशी प्लास्टिकची मार्गदर्शक नळी वापरा.